हात लुळा पडतो तेव्हा

(डोंबिवली येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी चालती लोकल धरली असणार. एक हात दाराच्या दांड्यावर, पाय अजून फलाटावर, आणि गाडीने वेग घेतलेला. अशा वेळी सगळ्या अंगाचा हिसका मानेपासून निघणाऱ्या पाच मज्जामुळांना बसू शकतो, हे मात्र कोणाच्या डोक्यात नसते.

मानेतली पाचवी ते आठवी आणि छातीतली पहिली, या पाच मुळांपासून हाताच्या नसांचे जाळे विणले जाते. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. कॉलरबोनच्या मागून ते काखेत उतरते. कल्याणच्या अलीकडे रूळ तुटला तर कसारा आणि कर्जत दोन्हीकडच्या गाड्या अडतात. पलीकडे तुटला तर एकीकडच्याच. जाळ्याला इजा नेमकी कुठे झाली, यावर कोणते स्नायू बंद पडणार ते असेच ठरते.

वरची दोन मुळे खांदा उचलतात, कोपर वाकवतात. मधले मुख्यतः कोपर आणि मनगट ताठ करते. खालची दोन बोटे मिटवतात. शर्टाचे बटण लावणारे तळहातातले बारीक स्नायूही त्यांच्याच ताब्यात. दुचाकीवरून खांद्यावर आपटले की मान एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो आणि बहुधा वरची मुळे जातात. हात उंच धरून लोंबकळताना झटका बसला, तर खालची. अशा रुग्णाची कधी त्या बाजूची पापणी उतरते, बाहुली बारीक होते. ‘मार हाताला, मग डोळ्याला काय झालं?’ असे घरचे विचारतात. डोळ्याकडे जाणारे काही तंतू छातीच्या त्या पहिल्या मुळातूनच बाहेर पडतात. पापणी उतरलेली दिसली की मूळ मज्जारज्जूपासून उपटले गेल्याची शंका बळावते, आणि उपटलेले मूळ नुसते शिवून भागत नाही.

तुटलेली नस नीट जोडली तरी तिचे तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. मानेपासून बोटांपर्यंत 70 सेंटिमीटर धरा, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे झाली. स्नायू तेवढा थांबत नाही. तो रोडावत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस पोहोचली तरी सहसा उपयोग होत नाही. म्हणून शल्यविशारद जवळचीच नस उसनी घेऊ लागले. कोपर आपटले की झिणझिण्या आणणारी ती अल्नर नस. तिच्यातला एक छोटा जुडगा दंडाच्या बायसेप्सच्या नसेला जोडायची पद्धत फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी 1994 मध्ये मांडली. बरगड्यांमधल्या नसाही अशाच वापरतात. मग सुरुवातीला रुग्णाने खोल श्वास घेतला की कोपर वाकते! पुढे सरावाने मेंदू दोन्ही कामे वेगळी करायला शिकतो. शरीरशास्त्रात याहून विलक्षण गोष्ट मला तरी माहीत नाही.

जानेवारी 2014 मध्ये घाटकोपर स्थानकात लोकलखाली सापडून एका विद्यार्थिनीने दोन्ही हात गमावले. ऑगस्ट 2020 मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांचे रोपण झाले. रक्तवाहिन्या जोडल्या की नवा हात टेबलावरच गुलाबी होतो. बोटांपर्यंत स्वतःच्या नसा वाढत जाण्यासाठी मात्र महिनोन्‌महिने जावे लागतात. तिथेही हिशेब त्याच मिलिमीटरचा.

अपघातानंतर सगळ्यांचे लक्ष हाडाकडे असते, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसते, नस दिसत नाही. ‘आधी हाड जुळू दे, मग हाताचं बघू’ म्हणत, तेलाने मालिश करत घरोघरी सहा-आठ महिने घालवले जातात. पुढे शस्त्रक्रिया करूनही हाती फारसे लागत नाही, हे रुग्णाला सांगणे जिवावर येते. तेव्हा डोंबिवलीकरांनो, अपघातानंतर हात लुळा पडला असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. आणि तीन महिने उलटूनही कोपर वाकत नसेल, तर आणखी वाट अजिबात पाहू नका.