एक किल्ली, तीन कुलपं आणि सतरंजीवरची कुपी
(महासंघाच्या मासिक सभेत झालेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी इथे छापत आहोत.)



आज मला बोलावलंय ते एका कुपीमुळे. मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी विचारलं, तर आधी बोलेनात. मग पिशवीतून काचेची एक छोटी कुपी काढून सतरंजीवर ठेवली. आत चिमूटभर पांढरी पावडर. सुनेचं वजन बाळंतपणानंतर वाढलंय, साखरही जरा वर गेलीय. कुणीतरी मोबाइलवर सांगितलं, "हे तीन हार्मोनचं नवीन इंजेक्शन. पाणी घालायचं आणि पोटावर टोचायचं. दहा कुप्या खपवल्या तर एक फुकट."

सचिव ताईंनी लेबल वाचलं. बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं : फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. त्यांनी कर्ज थांबवलं. त्यावरून वाद झाला. त्या ताई म्हणाल्या, "संशोधन झालंय म्हणजे चांगलंच असणार ना? मग अडवता कशाला?"

बायांनो, हा प्रश्न वेड्यासारखा नाही. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, माझे विद्यार्थीसुद्धा हाच प्रश्न विचारतात. म्हणून आज त्याचंच उत्तर देते. रागावायला आलेली नाही.

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते बघू. मण्यांची पोत डोळ्यांसमोर आणा. मणी म्हणजे अमिनो आम्ल. आपण डाळ, अंडी, दूध खातो, त्यातल्या प्रथिनांमध्ये हेच मणी असतात. थोडे मणी ओवले की झालं पेप्टाइड. आपल्या शरीरातले काही हार्मोन अशाच छोट्या पोती आहेत. हार्मोन म्हणजे निरोप्या. रक्तातून जातो आणि ज्या पेशीवर त्याचं कुलूप असेल तिथेच त्याची किल्ली लागते. या कुलपाला शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात.

आपल्याला आज तीन निरोपे ओळखायचे आहेत. पहिला जीएलपी-१. आपण जेवलो की आतड्यातून निघतो. रक्तात साखर वाढली असेल तर स्वादुपिंडाला सांगतो, इन्सुलिन सोड. जठराला सांगतो, सावकाश रिकामं हो. मेंदूला सांगतो, पोट भरलं. दुसरा जीआयपी. तोही आतड्यातूनच निघतो आणि इन्सुलिनला मदत करतो. त्याची कुलपं चरबीत आणि मेंदूतही आहेत. तिसरा ग्लुकागॉन, २९ मण्यांचा. हा स्वादुपिंडातून निघतो. उपाशी असताना यकृताला सांगतो, साठवलेली साखर बाहेर काढ.

आता तुम्ही म्हणाल, साखर वाढवणारा निरोप्या मधुमेहाच्या औषधात कशाला? बरोबर शंका आहे. पण ग्लुकागॉन यकृतातली चरबी जाळायला लावतो आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही वाढवतो. शास्त्रज्ञांना वाटलं, याच्या जोडीला जीएलपी-१ ठेवला तर तो साखर सांभाळेल आणि हा चरबी जाळेल. मॅथियास च्योप आणि रिचर्ड डिमार्की यांच्या गटाने २००९ साली या दोन कुलपांना लागणारी एकच किल्ली तयार करून उंदरांवर वापरून दाखवली. २०१५ साली तीन कुलपांची किल्ली आली. म्हणजे तीन हार्मोन एका कुपीत मिसळायचे, असं नाही. एकच पोत अशी ओवायची की ती तिन्ही कुलपांना लागेल.

हे काम चालतं कसं?

पहिली पायरी, पोत ओवणं. अगदी बारीक प्लास्टिकसारख्या कणांना पहिला मणी चिकटवतात, मग त्याला दुसरा, मग तिसरा. ही पद्धत रॉबर्ट ब्रूस मेरीफिल्ड यांनी काढली. १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ओवताना चुका होतातच. एखादा मणी राहतो, एखादा वाकडा बसतो. म्हणून नंतर माल शुद्ध करतात आणि यंत्रावर त्याचं वजन तपासतात. एक मणी कमी असेल तर यंत्र लगेच दाखवतं. आपल्या डोळ्यांना मात्र शुद्ध आणि अशुद्ध पावडर सारखीच पांढरी दिसते. हे लक्षात ठेवा.

यात आणखी एक अडचण. आपल्या शरीरातला जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत संपतो, कारण एक विकर त्याच्या टोकाचे दोन मणी कापून टाकतं. मग शास्त्रज्ञांनी टोकाजवळचा एक मणी बदलला, म्हणजे कात्री चालेना. वर चरबीची एक शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून राहते. टर्झेपॅटाइड नावाचं दोन कुलपांचं औषध असंच आहे, ३९ मण्यांचं. ते शरीरात अर्धं व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. म्हणून ते आठवड्यातून एकदाच टोचतात. पण याची दुसरी बाजूही बघा. त्रास झाला तर तोही दिवसभरात उतरत नाही.

दुसरी पायरी, काचेच्या ताटलीतल्या पेशी. एका ताटलीत फक्त जीएलपी-१ चं कुलूप असलेल्या पेशी, दुसऱ्या ताटलीत जीआयपीचं, तिसरीत ग्लुकागॉनचं. किल्ली थोडी थोडी वाढवत टाकतात आणि पेशीच्या आत किती हालचाल झाली ते मोजतात. शेजारी शरीरातल्या मूळ हार्मोनचीही अशीच मोजणी करतात. त्यातून कळलं की टर्झेपॅटाइड जीआयपीचं कुलूप मूळ हार्मोनइतकंच चांगलं पकडतं, जीएलपी-१ चं मात्र सुमारे पाचपट कमी. म्हणजे किल्ली सगळीकडे सारखी लागत नाही. किती लागावी, हा तोलच खरी मेहनत आहे. भाजीत मीठ, तिखट आणि आंबट यांचा तोल जमावा लागतो, तसं.

तिसरी पायरी, उंदीर. त्यांना चरबीचं खाणं देऊन जाड करतात. मग एका गटाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. रोज उंदराचं वजन, रोज उरलेलं खाणं तोलायचं. साखर पाजून थोड्या थोड्या वेळाने शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा. इथे एक हुशारीची गोष्ट करतात. वजन उतरलं ते कमी खाल्ल्याने, की शरीराने जास्त जाळल्याने? हे कळायला तिसरा गट ठेवतात. त्याला औषध नाही, पण औषधवाल्या उंदरांनी जेवढं खाल्लं तेवढंच खाणं. औषधवाल्यांचं वजन याहूनही जास्त उतरलं तर समजायचं की जाळणंही वाढलंय. काही उंदरांत एखादं कुलूपच काढून टाकलेलं असतं. त्यांच्यावर औषध चाललं नाही, तर ते त्याच कुलपातून चालत होतं हे सिद्ध होतं.

आणि इथेच मोठा धडा मिळाला. टर्झेपॅटाइड उंदराच्या जीआयपी कुलपाला नीट लागतच नाही, माणसाच्या कुलपाला लागतं. उंदरावर दिसलं ते माणसावर जसंच्या तसं दिसेल असं नाही, आणि उलटही नाही.

चौथी पायरी, धोका शोधणं. या जातीची औषधं दिलेल्या उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या. माणसांतही तसंच होतं हे सिद्ध झालेलं नाही, तरी औषधाच्या कागदावर ठळक इशारा छापतात. घरात कुणाला थायरॉइडचा एक ठराविक कॅन्सर, मेड्युलरी म्हणतात तो, झाला असेल तर हे औषध देत नाहीत. म्हणून डॉक्टर आधी घरातले आजार विचारतात. कुपी विकणारा ते विचारतो का?

यानंतर माणसं. आधी थोडी, मग शेकडो, मग हजारो. टर्झेपॅटाइडची वजनासाठीची एक मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. २,५३९ माणसं, ७२ आठवडे. सगळ्यांत मोठ्या डोसवर सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं, नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं ३.१ टक्के. औषध खरंच चालतं, हे मी लपवणार नाही. भारतात ते मार्च २०२५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. पण मळमळ, उलटी, जुलाब हे त्रास बऱ्याच जणांना होतात. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही येतात. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला हे महाग पडू शकतं. औषध बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, हेही दुसऱ्या चाचणीत दिसलं. आणि पाळणा लांबवायची गोळी घेत असाल तर या औषधाने तिचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात.

तीन कुलपांच्या औषधाचं नाव रेटाट्रुटाइड. २०२३ साली त्याची ३३८ माणसांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ४८ आठवड्यांत मोठ्या डोसवर २४.२ टक्के वजन उतरलं. आकडा मोठा आहे, म्हणून गवगवाही मोठा. पण आजच्या सभेपर्यंत त्याला बाजारात विकायची परवानगी नाही. मग सतरंजीवरच्या त्या कुपीत काय होतं? लेबलवर नाव होतं. आतल्या मण्यांची मोजणी कुणी केली, जंतू नाहीत हे कुणी बघितलं, किती टोचायचं हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. "संशोधनासाठी" याचा अर्थ "संशोधन होऊन पास झालेलं" असा नाही. त्याचा अर्थ, हे दुसऱ्या पायरीवरच्या ताटलीसाठी आहे. माणूस त्या पायरीवर येतच नाही.

त्या ताईंशी मी नंतर बोलले. सुनेचं लेकरू सात महिन्यांचं, अजून अंगावर पितंय. मैत्रिणींनो, अशा चाचण्यांत गरोदर आणि पाजणाऱ्या बायांना घेत नाहीत. म्हणजे त्या सुनेबद्दल आणि त्या लेकराबद्दल या कुपीने जगात कुणालाच काही सांगितलेलं नाही. हे ऐकल्यावर ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी तिला बरं वाटावं म्हणूनच आणलं होतं." ते खरंच आहे. म्हणून आपण त्यांना दोष द्यायचा नाही.

मग करायचं काय? कुणी असं इंजेक्शन आणलं तर आधी तीन प्रश्न विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी कुठंय? कोणत्या परवान्याच्या दुकानातलं, आणि पक्कं बिल आहे का? लेबलवर "संशोधनासाठी" लिहिलंय का? एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं तर टोचायचं नाही आणि विकायचं तर मुळीच नाही. परवान्याशिवाय औषध विकणं गुन्हा आहे. कमिशन दुसरा घेईल, नाव गटाचं जाईल. वजन आणि साखर वाढली असेल तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात तपासणी करा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली. त्यामुळे हे लाजून लपवायचं दुखणं नाही.

आणि त्या गटाने शेवटी काय केलं ते सांगते, कारण मला ते फार आवडलं. कुपीसाठीचं कर्ज नामंजूर केलं. त्याच बैठकीत सुनेच्या रक्ततपासणीसाठी आणि तालुक्याला जाऊन डॉक्टरांना दाखवण्यासाठी कर्ज मंजूर केलं. इतिवृत्तात दोन्ही ठराव एकाखाली एक लिहिलेले आहेत. सून तपासून आली, पुढच्या तारखेलाही जाणार आहे.

तुमच्या गटात अशी कुपी आली तर ती पिशवीत लपू देऊ नका. सतरंजीवर ठेवायला लावा, लेबल मोठ्याने वाचा, आणि मग ठरवा.