पाच लिटर पेट्रोलमागे किती हंडे?



मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत पेट्रोलचा विषय निघाला. तसा हा पोरांचा विषय, आपण कधी त्यात पडत नाही. पण एकीच्या मुलानं तिला सांगितलं होतं की आता पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल असतं, म्हणजे हे आपल्या शेतकऱ्याचंच पेट्रोल झालं. धूर कमी आणि पैसा गावात. ती हे मोठ्या कौतुकानं सांगत होती. तेवढ्यात कोपऱ्यातून दुसरी म्हणाली, "शेतकऱ्याचं खरं गं, पण पाणी कुणाचं?" मग हप्त्यांचा हिशेब बाजूला राहिला आणि चहाही गार झाला. त्या दिवशी जे बोललो, आणि नंतर विचारून-वाचून जे कळलं, ते आज सांगतो.

इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. उसाचा रस, साखर काढून उरलेली मळी, मका, खराब तांदूळ, ज्यात गोडवा किंवा पीठ आहे ते आंबवायचं आणि भट्टीत गाळून घ्यायचं. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२२ साली दर शंभर लिटरात दहा लिटर इथेनॉल होतं, २०२५ साली ते वीस लिटरांवर गेलं. ही वीस टक्क्यांची मुदत आधी २०३० होती, सरकारनं ती अलीकडे ओढली. कारण सरळ आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून विकत आणावं लागतं.

आता पाण्याचं बघू. नीती आयोगानं २०२१ मध्ये या योजनेचा जो अहवाल काढला, त्यातच लिहिलंय की उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायचं तर सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. हे बहुतेक सगळं पाणी उसाच्या सरीत जातं. आपला हंडा पंधरा लिटरचा धरा. झाले एकशे नव्वद हंडे! मुलानं गाडीत पाच लिटर पेट्रोल टाकलं, तर त्यात एक लिटर इथेनॉल. ते उसाच्या रसाचं असेल, तर त्यामागे एकशे नव्वद हंडे पाणी गेलं. मळीपासून केलेलं असेल तर हा हिशेब इतका कडक लावता येत नाही, कारण ते पाणी साखरेसाठी आधीच खर्च झालेलं असतं. तेही सांगायलाच हवं.

आम्ही लातूरकडच्या बाया. आम्हाला २०१६ चा एप्रिल आठवतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनावर लोक बघायला उभे होते. बैठकीत आमच्यातल्या बारावी झालेल्या सुनेनं मोबाईलवर भागाकार केला. त्या अख्ख्या गाडीच्या पाण्यात उसाचं इथेनॉल किती झालं असतं? एकशे पंच्याहत्तर लिटर. दोनशे लिटरचा एक बॅरल भरला नसता. हे ऐकून कुणी काहीच बोललं नाही थोडा वेळ.

आणि हे नवीन नाही. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच मागे नोंदवलंय की महाराष्ट्रात ऊस आहे पिकाखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाचं पाणी घेतो सत्तर टक्क्यांच्या जवळपास. पाऊस हुकला की हा खेळ उघडा पडतो. २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर पुरेल की नाही ही भीती आली, आणि डिसेंबरात सरकारनंच उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. पुढे ती सैल केली, मग उठवली.

तरी ऊस लावणाऱ्याला आम्ही नावं ठेवणार नाही. आमच्या गटात निम्म्या घरी ऊस आहे. कायद्यानं उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळायला हवेत, आणि ते किती महिन्यांनी मिळायचे ते आपण भोगलंय. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे मात्र तेल कंपन्यांकडून लवकर येतात. कारखान्याच्या हातात पैसा असला तर आपलं बिल निघण्याची आशा. तुरीला, ज्वारीला असा हमखास घेणारा कुठं आहे? ज्वारी गेली तशी भाकरीही गेली आणि कडबाही गेला, हे कळतं सगळ्यांना. पण भावाचं काय, त्याचं उत्तर कुणी देत नाही.

"मग मक्याचं इथेनॉल करा, मक्याला पाणी कमी लागतं," असं एकीनं सुचवलं. खरंय ते. एका क्विंटल मक्यात अडतीस लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, उरलेला चोथा जनावरांच्या खाद्याला जातो. पण आमच्याच गटात दोघी जावा आहेत. थोरलीच्या शेतात मका आहे, धाकटीच्या परसात दोनशे कोंबड्या. इथेनॉलवाल्यांनी मका उचलायला सुरुवात केली तशी थोरली खुश झाली, आणि धाकटी खाद्याच्या पोत्याचा भाव ऐकून कोंबड्या विकायला निघाली. एकाच वाड्यात दोन्ही! देशाचंही तेच झालं. जो देश मका बाहेर विकायचा, तो २०२४ मध्ये बाहेरून विकत घेऊ लागला. तेलाची आयात कमी करायला निघालो आणि मक्याची वाढली.

मळीच्या पाण्याचं थोडक्यात सांगतो. एक लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर काळं, आंबूस सांडपाणी निघतं. ते कारखान्याबाहेर थेंबभरही जाऊ नये, आटवून जाळावं, असा नियम आहे. काही ठिकाणी नीट चालतं. आमच्यातल्या एकीच्या माहेरी विहिरीचं पाणी तांबूस झालं, वास यायला लागला. आता तिची भावजय दीड किलोमीटरवरून पाणी आणते.

आता तुराट्यांचं, कारण ते दारापर्यंत आलंय. २०२१ च्या धोरणानुसार औष्णिक वीज केंद्रांना कोळशात थोडा काडीकचऱ्याचा भाग मिसळावा लागतो. त्यासाठी तुराट्या, पऱ्हाट्या, भुसकट दाबून कांड्या करतात, 'पांढरा कोळसा' म्हणतात त्याला. रानात जाळून टाकण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण आपल्या तुराट्या रानात कुठं जळतात? त्या चुलीत जळतात, न्हाणीच्या पाण्याखाली जळतात, कुडाला लागतात. यंदा व्यापारी आला, सौदा बांधावर पुरुषांशी झाला, पैसे त्यांच्या खिशात गेले. आणि पावसाळ्यात सरपण कुणी शोधायचं? सिलिंडर आहे घरोघर, पण तो भरून आणायचे पैसे दर महिन्याला नसतात. चुलीचा धूर छातीला वाईट, चूल तशीच राहावी असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. पण तुराट्यांचे पैसे सिलिंडरला लागले असते, तर त्याला काही अर्थ होता.

म्हणून गटानं असं ठरवलंय. पुढच्या तुरीच्या वेळी घरात आधी बोलायचं. न्हाणीपुरत्या तुराट्या राखायच्या, बाकीच्या गटामार्फत वजन करून विकायच्या आणि पैसे गॅसच्या नावानं बाजूला ठेवायचे. काही घरांत हे ऐकतील, काही घरांत नाही. एकीचा नवरा आत्ताच म्हणालाय, "काडीचाही हिशेब मागता का आता?"

तुमच्या गावात तुराट्या, पऱ्हाट्या कुणी विकत घेत असेल तर काय भावानं घेतो, वजनावर की ट्रॉलीवर, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते भाव वाचून दाखवू.