शून्याचा ताळा



उदाहरण सोडवले की त्याचा ताळा पाहावा, हा संस्कार शाळेतच होतो. अणुविज्ञानातील एका मोठ्या प्रश्नाचा भार आज याच संस्कारावर आहे.

बेंगळुरूच्या दक्षिणेस बोम्मसंद्रा येथील रुग्णालयात एमआरआय तपासणी होते, तेव्हा शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी डोलतात आणि त्या डोलण्यावरून चित्र साकारते. अशाच डोलण्यावरून शास्त्रज्ञ निसर्गाची सममिती तपासतात. इलेक्ट्रॉनही एक सूक्ष्म भोवराच मानता येतो. त्याचा विद्युतभार अक्षाच्या एका टोकाकडे किंचित झुकलेला असेल, तर काळाची दिशा उलटवल्यावर भोवरा उलट फिरेल, झुकाव मात्र तसाच राहील. मग निसर्ग काळाच्या दोन्ही दिशांना समान लेखत नाही, असे ठरेल. विश्वात द्रव्य उरले, प्रतिद्रव्य का उरले नाही, या कोड्याचा धागा येथे सापडू शकतो.

म्हणून अणूंवरील विद्युत क्षेत्र उलटवून डोलण्याची गती बदलते का, हे पाहतात. थॅलियमसारख्या जड अणूत हा परिणाम शेकडो पटींनी वाढतो. नेमका किती पटींनी, हे ८१ इलेक्ट्रॉनांचे परस्परसंबंध हिशेबात धरून गणितानेच काढावे लागते. २००२ मध्ये बर्कली येथील प्रयोगाने ५८५ पट हा आकडा गृहीत धरून झुकावाची कमाल मर्यादा सांगितली. २०११ मध्ये बेंगळुरूतील कोरमंगला येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे भानुप्रताप दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६६ हे उत्तर काढले. प्रयोग तोच, पण या हिशेबाने मर्यादा सैल झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने ५७३ हे उत्तर मांडले.

२०२३ मध्ये कोलोरॅडोतील शास्त्रज्ञांनी रेणूंवर प्रयोग करून ती मर्यादा कितीतरी घट्ट केली. झुकाव अद्याप आढळलेला नाही. हाती शून्यच आहे. पण त्या शून्यावर किती विसंबावे, हे मोजणाऱ्याच्या हाताइतकेच हिशेब करणाऱ्याच्या वहीवर अवलंबून असते, आणि ती वही दुसऱ्याने तपासायची असते.

ताळा न पाहताच उत्तराखाली दोन रेघा ओढणाऱ्या मुलाला बाई थांबवतात. विज्ञानही त्याला तेथेच थांबवते.