वर्दीतल्या माणसाचं मन



पोलिसांच्या मानसिक आरोग्यावर आपल्या बैठकीत कशाला बोलायचं, असं काहींनी मला विचारलं. आपल्या वस्त्यांत पोलीस म्हटलं की आधी भीती वाटते. तिला कारणंही आहेत. १९९२-९३च्या मुंबई दंगलीतल्या पोलिसांच्या वागण्यावर श्रीकृष्ण आयोगाने ठेवलेला ठपका आपण विसरलेलो नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला.

रुळांवरचं प्रेत उचलणं, जळालेल्या बाईचा जबाब घेणं, पोरगा गेल्याची खबर आईला सांगणं. ही कामं करून शिपाई दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदोबस्ताला उभा राहतो. पाहिलेलं डोळ्यांसमोर येत राहतं, झोप उडते, माणूस जरा आवाज झाला की दचकतो, घरच्यांवर खेकसतो. असं महिन्याहून जास्त चाललं, तर तो आघातोत्तर तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. त्यावर उपचार आहेत. पण मन दुखतंय असं सांगितलं तर आपल्याला कमजोर ठरवतील, या धास्तीने पोलीस गप्प राहतो.

त्यात ड्यूटी बारा-बारा तासांची. मे २०१६मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. योजना तिथल्याच रवींद्र पाटील या कर्मचाऱ्याने मांडली होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली. म्हणजे खालून आलेली मागणी वर पोहोचू शकते.

यात आपला संबंध काय? थकलेल्या, चिडलेल्या माणसाचा हात लवकर उठतो आणि तो बहुधा गरिबावरच उठतो. मात्र ताण ही अन्यायाची सबब होऊ शकत नाही. निरपराधाला मारणाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. पोलिसाला विश्रांती आणि उपचार, नागरिकाला न्याय, या दोन्ही मागण्या आपण एकाच दमात करायला हव्यात.

तुमच्यातले काही जण पोलीस भरतीची तयारी करताहेत. १६०० मीटरची वेळ रोज वहीत लिहिता, तसं मनाकडेही लक्ष द्या. मानसिक उपचार मिळणं हा २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर कुणीही मोफत बोलू शकतं, वर्दीतला माणूसही.

आणि मोहल्ला समितीच्या पुढच्या बैठकीत साहेबांना आपल्या तक्रारींबरोबर एवढं जरूर विचारा: तुमच्या शिपायांना साप्ताहिक सुट्टी मिळते का? मन मोकळं करायला समुपदेशक आहे का?