‘मी’, ‘तू’ आणि ‘आपण’
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



‘मन’ या विषयावर बोला, असे चिटणीस साहेबांनी सांगितले तेव्हा मी विचारले, “कोणाच्या?” ते म्हणाले, “मुलांच्या.” पण मुलांच्या मनावर बोलावयाचे तर दुसऱ्याचे मन आपल्याला कळते तरी कसे, हा प्रश्न आधी येतो, आणि त्याच्याही आधी, आपले स्वतःचे मन आपल्याला कळते का, हा. बी. ए. ला मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला तेव्हा घरातील प्रत्येकाने विचारले होते की याचा पुढे उपयोग काय. आज तो होतो का ते पाहू.

बहुतेकांची समजूत अशी असते, की माझे मन म्हणजे एक पेटी आहे आणि तिची किल्ली फक्त माझ्याजवळ आहे. आत काय आहे ते मला स्वच्छ दिसते. इतरांनी बाहेरून अंदाज करावयाचा. ही समजूत जुनी आहे आणि ती मांडणारे लोक लहान नव्हते. ज्यांना उर्दू पुस्तकांत बू अली सीना म्हणतात ते इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) हे मोठे वैद्य होते, तसेच मोठे तत्त्वज्ञही होते. ‘किताब-उश्-शिफा’ या ग्रंथात त्यांनी एक कल्पना करावयास सांगितली आहे. समजा, एक माणूस एकदम पूर्ण वाढलेला असा निर्माण झाला. तो पोकळीत तरंगतो आहे, डोळे झाकलेले आहेत, हात हाताला लागत नाही, कसलाही स्पर्श नाही. त्याला आपल्याला शरीर आहे हेदेखील ठाऊक नाही. तरी ‘मी आहे’ हे त्याला कळेल की नाही? इब्न सीना म्हणतात, कळेल. पुढे सुमारे सहाशे वर्षांनी फ्रान्सच्या देकार्तने ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ असे म्हटले. ते वाक्य जगभर झाले.

‘मी आहे’ एवढे त्या तरंगणाऱ्या माणसाला कळेल, हे मान्य करू. पण ‘मी कसा आहे’, ‘मला काय हवे आहे’, ‘मी का रागावलो’ हे त्याला कळेल का? माझी शंका इथे सुरू होते.

आता थोडे आपल्या मुलखाकडे येतो. खाडीपलीकडे दापोली तालुक्यात पालगड आहे. तेथे १८९९ साली जन्मलेला एक तरुण तत्त्वज्ञान शिकण्यासाठी खानदेशात अमळनेरला गेला. तेथील गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली एक तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान, ही गोष्ट आजही मला नवलाची वाटते. तो तरुण तेथे फार रमला नाही. १९२४ साली तो त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि वसतिगृहातील मुलांना सांभाळू लागला. हे साने गुरुजी. त्यांच्याकडे पुन्हा येईन.

त्याच अमळनेरच्या संस्थेने १९३० साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. लेखक बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य. पुढे काही काळ ते या संस्थेचे संचालकही होते. पुस्तक शंभर वेळा वाचावे इतके कठीण आहे. मात्र त्यातील एक मुद्दा आमच्या पाचवीच्या वर्गालाही समजतो. मी ‘हा खडू’ म्हटले, की तुम्ही आणि मी एकाच वस्तूकडे पाहतो. पण मी ‘मी’ म्हटले, तर? तोच शब्द तुम्ही उच्चारलात तर तो तुमच्याविषयी होतो. म्हणजे माझ्या तोंडच्या ‘मी’ ने तुम्हाला जे समजते, ते तुम्ही स्वतः ‘मी’ म्हणून जे सांगाल त्याहून वेगळे आहे. खिडकीची काच कोणी फोडली, असे वर्गात विचारले, की चाळीस मुले एका सुरात ‘मी नाही!’ म्हणतात. वाक्य एकच आणि अर्थ चाळीस. पैकी एक खोटा. खडू बोटाने दाखवता येतो, तसा ‘मी’ दाखवता येत नाही. भट्टाचार्यांचे म्हणणे असे, की ‘मी’ ही वस्तू नव्हे, आणि वस्तू जशी कळते तसा तो कळतही नाही.

मग एवढा अवघड शब्द मूल शिकते कसे? ज्यांच्या घरी दोन-अडीच वर्षांचे मूल आहे त्यांनी लक्ष देऊन ऐकावे. कित्येक मुले आधी ‘बाबूला पाणी पाहिजे’ असे स्वतःचे नावच घेतात. कारण सगळे त्याला नावाने हाक मारतात किंवा ‘तू’ म्हणतात. त्याला ‘मी’ असे कोणीच म्हणत नाही. जो शब्द आपल्याविषयी कोणीही कधी वापरत नाही, तोच आपल्यासाठी वापरावयाचा, हे त्याला दुसऱ्यांचे बोलणे ऐकूनच शिकावे लागते. ‘दुखते’, ‘भीती वाटते’, ‘आठवण येते’ या शब्दांचेही तसेच. मूल पडले, रडले, की आई जवळ घेऊन म्हणते, “लागले का? दुखते का?” त्या क्षणी मुलाला आपल्या आतल्या गोष्टीचे नाव मिळते. लुडविग विटगेन्स्टाइन (१८८९ ते १९५१) या तत्त्वज्ञाने हेच दाखवून दिले, की मनाच्या गोष्टींचे शब्द कोणी एकट्याने आतल्या आत तयार करू शकत नाही. ते चारचौघांतच शिकावे लागतात. म्हणजे पेटी माझी असली, तरी आतल्या वस्तूंची नावे दुसऱ्यांनी दिलेली आहेत.

याबाबतीत आपल्या मराठी भाषेकडे एक मौल्यवान शब्द आहे. इंग्रजीत ‘वी’ एकच, उर्दूत ‘हम’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही गोपाळगडावर जाणार’ म्हटले, तर ऐकणारा घरी राहतो. ‘आपण गोपाळगडावर जाऊ’ म्हटले, की तोही चप्पल घालतो. आणि हाच ‘आपण’ आणखी दोन कामे करतो. ‘आपण बसावे’ म्हणताना तो समोरच्या आदरणीय माणसासाठी येतो. ‘तो म्हणाला, आपण येणार नाही’ म्हणताना तो बोलणाऱ्याच्या स्वतःसाठी येतो. स्वतः, समोरचा आणि दोघे मिळून, तिघांना एकच शब्द! भाषातज्ज्ञ सांगतात, की हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून आला; उर्दूतील ‘आप’ आणि ‘अपना’ हेही त्याच कुळातले. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण हा शब्द रोज वापरणाऱ्यांनी मनाला कुलूपबंद पेटी समजावे, हे मला पटत नाही.

बरे, त्या पेटीतले आपल्याला तरी नीट दिसते का? अमेरिकेतील निस्बेट आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सर्वांत चांगला निवडावयास सांगितले. चारही जोड अगदी एकसारखे होते. लोकांनी जास्त करून सर्वांत उजवीकडचा निवडला. का निवडला, असे विचारल्यावर वीण चांगली, पोत चांगला, अशी कारणे सांगितली. जागेमुळे निवडला का, असे विचारल्यावर त्यांनी साफ नाही म्हटले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना स्वतःविषयी जे वाटत होते तेच ती सांगत होती. फक्त ते खरे नव्हते. आपल्या अंजनवेलच्या दीपगृहाचा उजेड दूरच्या बोटीवरील खलाशाला ओळखता येतो, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी वाट दिसावयास बॅटरी लागते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्याच्या मनाचा विचार मूल कधी करू लागते, याचाही शोध घेतला गेला आहे. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ साली मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारला. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी ते कोठे शोधील? तीन वर्षांची मुले बहुधा सांगतात, जेथे आता आहे तेथे. जे मला ठाऊक ते सर्वांना ठाऊक! चार-पाच वर्षांची झाली, की पुष्कळांना उमगते, की मॅक्सीला हे माहीत नाही. (मोठेपणीही हे सर्वांना उमगते असे नाही, कोणतीही सभा पाहावी.)

पण मला यापेक्षा पुढचा शोध महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियातील पीटरसन आणि सीगल यांनी १९९० नंतरच्या दशकात ऐकू न येणाऱ्या मुलांना असेच प्रश्न विचारले. ज्या मुलांच्या घरी कोणालाच लहानपणापासून खुणांची भाषा येत नव्हती, त्या मुलांना हे उमगावयास कित्येक वर्षे अधिक लागली. उलट ज्यांचे आईबाप स्वतः बहिरे होते आणि ज्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून खुणांनी भरपूर बोलणे चालले होते, ती मुले मागे पडली नव्हती. बुद्धीत दोघांत फरक नव्हता. फरक होता घरातील बोलण्याचा. ‘अब्बांना वाटले की…’, ‘तुला वाटले का की…’, ‘मला आठवलेच नाही’ अशी वाक्ये ज्या घरात मुलाच्या वाट्याला येत नाहीत, तेथे दुसऱ्याचे मन समजण्याची ताकदच उशिरा येते.

आता आपल्या घरांकडे पाहा. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांत कर्ता पुरुष बोटीवर किंवा आखातात. पूर्वी पत्र येत असे, मग कॅसेट, आता व्हिडिओ कॉल. कॉलवर काय बोलणे होते? “बरी आहेस?” “बरी आहे.” “अभ्यास करतेस?” “करते.” “अम्मीला दे.” तोंड दिसते, आवाज स्पष्ट येतो, आणि एकालाही दुसऱ्याविषयी नवे काही कळत नाही. त्यात बापाच्या मायेची कमतरता आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण वर्षातील दोन महिने भेटणारा माणूस उरलेल्या दहा महिन्यांची मुलगी अंदाजाने ओळखू लागतो.

एका मुलीची गोष्ट सांगतो; गाव सांगत नाही. दहावीला तिला चांगले गुण मिळाले. वडील सुट्टीवर आलेले. ते मला म्हणाले, “सर, तिला पुढे शिकायची आवड नाही. मी तिला ओळखतो.” मुलगी तेथेच उभी होती. त्यांनी तिला विचारले, “शिकायचे आहे का गं?” ती म्हणाली, “नाही.” झाले, पुरावाच मिळाला. हे गृहस्थ वाईट नव्हते. मुलीला काय खायला आवडते, कशाने ती रुसते, हे त्यांना तोंडपाठ होते.

त्या रात्री तिच्या दादीने, जी कधी शाळेत गेलेली नाही, तांदूळ निवडता निवडता वेगळाच प्रश्न विचारला. “सकाळच्या गाडीने गेलीस तर परत कधी येशील?” मुलीने एका दमात सांगितले: गाडी किती वाजता सुटते, कॉलेज स्टँडपासून किती लांब, शुक्रवारी किती वाजता सुटते, पास किती रुपयांचा. दादी मला म्हणाली, “सर, पोरीने वेळापत्रक पाठ केले होते.” पुढे मी त्या मुलीला विचारले, की मग तू ‘नाही’ का म्हणालीस? भीतीने? ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “नाही सर. तेव्हा मला खरेच वाटत होते, की नको.”

हे उत्तर मला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेले. वडिलांनी तिचे मन चुकीचे वाचले, एवढीच ही गोष्ट नाही. तिने स्वतःही वाचले नव्हते. घरी अम्मी एकटी, दादी आजारी, खर्च फार, यांच्याखाली ते दबलेले होते. आणि योग्य प्रश्न आला तेव्हा ते बाहेर आले, कदाचित त्याच वेळी पुरते तयारही झाले. दादीने पेटी उघडली नाही. दोघींनी मिळून काहीतरी घडवले. ती मुलगी अकरावीला गेली. बारावीनंतर घरात तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा मात्र ती स्वतः बोलली.

कोणी म्हणेल, मग मूल म्हणेल तेच खरे मानावयाचे का? तसे नाही. पायमोज्यांचा प्रयोग मुलांनाही लागू आहे आणि बापांनाही. मुलाचे ‘नको’ हे शेवटचे उत्तर नव्हे, तसेच आपले ‘मी त्याला ओळखतो’ हेही नव्हे. विशेषतः दुसरे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. मुलाच्या देखत ‘याला गणितात रसच नाही’ असे पाहुण्यांना सांगितले, की मूल ते ऐकते. आणि आपल्याला गणितात रस नाही हे त्याला आपल्याकडून कळते. ज्या तोंडाने त्याला ‘दुखते’ हा शब्द दिला, त्याच तोंडाने हाही दिला जातो. प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नाही’, ‘आळशी’ असे शेरे लिहिणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या लेखणीलाही हे लागू आहे.

साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात असताना मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत असत. दिवसभर शिकवावयाचे, मुलांची आजारपणे काढावयाची आणि पुन्हा मुलांसाठी लिहावयाचे. तत्त्वज्ञान मंदिरातून ते बाहेर पडले खरे, पण मंदिरातला प्रश्न त्यांनी बरोबर नेला असावा, असे मला वाटते.

दैनिक काढणे आपल्याला झेपणार नाही. माझी सूचना लहान आहे, ती चिटणीस साहेबांकडे लेखीही दिली आहे. प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षकांच्या शेऱ्याखाली एक रिकामी ओळ असावी, आणि ती विद्यार्थ्याने स्वतः भरावी. काय लिहावे हे आम्ही सांगणार नाही. जे पालक परदेशी आहेत त्यांना त्या पानाचा फोटो पाठवता येईल, आणि पुढच्या कॉलला “अभ्यास करतेस?” याच्याऐवजी त्या ओळीवर बोलता येईल. छपाईचा खर्च विचारला आहे, फारसा नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्ष महाशयांनी दोनदा पाठवली आहे. कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी बाहेर चहाच्या टेबलापाशी थांबतो. विद्यार्थ्यांनी आधी यावे.