पाझरणारे मडके : घडते कसे, उपयोगी पडते कसे



पावसाळ्यात हौसेने लावलेली आंबा, चिकूची कलमे पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जातात, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. विहीर आटलेली असते आणि डोक्यावरून आणलेला हंडाभर पाणी आळ्यात ओतले, तरी निम्मे उन्हातच उडून जाते. अशा वेळी कुंभाराचे साधे मडके उपयोगी पडते. कसे, ते पाहू या.

मडक्याच्या अंगाला असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. झाडाचे पानही याच रीतीने स्वतःला थंड ठेवते. ही छिद्रे मडके घडवतानाच तयार होतात.

कुंभार तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ आणून वाळवतो, कुटतो, चाळतो. नुसती काळी माती वाळताना आकसते व तडकते; रानात पडणाऱ्या भेगांवरून आपण हे जाणताच. म्हणून तीत चाळलेली राख व घोड्याची लीद मिसळतात. चुनखडीचे खडे वेचून काढावे लागतात. एखादा राहिलाच तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, पुढे ओल धरून तो फुगतो आणि मडके फोडतो. तुडवून मऊ केलेल्या मातीचे तोंड व खांदा चाकावर घडवतात. थोडे सुकले की आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकतात. तेव्हा कुठे मडके भोपळ्यासारखे गोल व पातळ होते. सावलीत वाळवून ते गोवऱ्या-पाचटाच्या भट्टीत भाजतात. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. मिसळलेली लीद जळून जाते व तिच्या जागी छिद्रे राहतात.

हाच पाझर झाडाच्या मुळाशी नेता येतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील फान शंगची यांच्या चिनी शेतीग्रंथातही मडके पुरून पाणी देण्याची रीत सांगितली आहे. आपण असे करावे :

१. रंग न दिलेले ५ ते १० लिटरचे मडके घ्यावे. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजले पाहिजे. पाणी भरून रात्रभर ठेवावे. अंग सर्व बाजूंनी ओलसर व्हावे, धार लागू नये.

२. रोपापासून सुमारे एक फुटावर ते गळ्यापर्यंत पुरावे. भोवती शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती घालून हलके दाबावे.

३. पाणी भरून तोंडावर झाकण ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी पाहून पुन्हा भरावे.

जमीन कोरडी असली की पाझर वाढतो, ओली असली की कमी होतो. खारट पाण्याने छिद्रे बुजतात; पाझर मंदावला की मडके बदलावे. मोठ्या बागेला ठिबकच योग्य. बांधावरच्या व परसातल्या दहा-वीस झाडांसाठी मात्र ही पद्धत स्वस्त आणि सोपी आहे.

शेवटी एक विनंती. तळ्यातला गाळ शेतात नेताना त्यातला थोडा गावच्या कुंभारासाठी राखून ठेवा आणि मडक्यांची मागणी उन्हाळ्यापूर्वीच नोंदवा. त्याची भट्टी पेटती राहिली, तरच आपल्याला असे मडके गावात मिळत राहील.