बैल कोणाचा? सभागृहातली चर्चा आणि आपली दावण

(मुरुड, जि. लातूर येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले. आम्हाला आज बैलावर बोलायचे आहे. दावणीला उभा असलेला बैल शेतीच्या कायद्यात येतो आणि तोच शर्यतीत पळाला की खेळाच्या कायद्यात येतो. दोन्हीकडे बैलासाठी बोलणारे पुष्कळ आहेत. त्याला वैरण घालणाऱ्यासाठी कोण बोलले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सुरुवात दिल्लीपासून करू. १९५२ साली राज्यसभा पहिल्यांदा भरली. राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्यांत मद्रासच्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. पाठीशी ना पक्ष, ना मंत्रिपद, ना मतदारसंघ. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून त्यांनी स्वतःचे खासगी बिल मांडले. सरकार स्वतःच कायदा आणील, असा शब्द पंतप्रधान नेहरूंनी दिला, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले. समिती बसली आणि १९६० साली कायदा झाला. एक सदस्य चिकाटीने बोलला तर सरकारला हलावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

त्या कायद्याचे ११ वे कलम वाचा. जनावराला मारहाण करणे, पेलवणार नाही एवढे ओझे लादणे, आजारी जनावराला कामाला जुंपणे हे गुन्हे आहेत. ते बरोबरच आहे. पण वेसण घालणे, खच्ची करणे, डाग देणे, शिंगे काढणे हे ठरवून दिलेल्या पद्धतीने केले तर गुन्हा नाही, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे कायदा लिहिताना शेतकऱ्याचा गोठा निदान ध्यानात होता.

त्याच कायद्याचे २२ वे कलम सरकारला अधिकार देते, की कोणता प्राणी खेळ-तमाशात वापरायचा नाही हे अधिसूचना काढून ठरवावे. अधिसूचनेआधी सभागृहात चर्चा व्हावी लागत नाही. ११ जुलै २०११ रोजी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैल जाऊन बसला. सर्कशीतला सिंह आणि तिफणीचा बैल एका ओळीत आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. कोठे बैलगाडा म्हणतात, कोठे शंकरपट. लोक चिडले, आमदार-खासदार बोलू लागले. एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शर्यतीला वाट करून देणारे दुरुस्ती बिल एकमताने मंजूर केले. ते उच्च न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा कायदा कायम ठेवला. शर्यतीचा बैल जिंकला. आम्हाला त्याचा आनंद आहे.

पण भावांनो, पळणारे बैल किती आणि औत ओढणारे किती?

औताच्या बैलाचा कायदा याच विधिमंडळाने केला. १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. कामातून गेलेल्या बैलाला दाखला मिळत होता आणि तो विकता येत होता. १९९५ साली बैल आणि वळूंनाही बंदी घालणारे बिल मंजूर झाले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली, वीस वर्षांनी! या वीस वर्षांत कोरडवाहू शेती बदलली, ट्रॅक्टर आला, ज्वारीच्या रानात सोयाबीन आले आणि कडब्याच्या गंजी आटल्या. बिल मात्र तेच होते. वर तो कायदा आला दुष्काळात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसाला पाणी नव्हते, तेथे थकलेल्या बैलाला कोठून पाजायचे?

आमचा हिशेब साधा आहे. बैल अंगात जोर आहे तोवर रान ओढतो. थकला की हाळी-हंडरगुळीच्या नाही तर माळेगावच्या बाजारात त्याचे काही पैसे यायचे. त्यात भर घालून नवा गोऱ्हा दावणीला यायचा. म्हातारा बैल ही नव्या बैलाची अर्धी किंमत होती. कायद्याने ती किंमत पुसली आणि वैरण तेवढी आपल्याकडे ठेवली. मग पुढचा बैल घ्यायचा कशाला, असे शेतकरी म्हणू लागला. देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या लातूर-नांदेडची जातिवंत जनावरे. शेतकऱ्याला ती परवडली तरच टिकतील.

कोणी म्हणेल, पोळ्याला ज्याच्या पाया पडता त्याला विकता? विकताना घरातली बाई तोंड फिरवून रडते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण रिकाम्या दावणीवर भुकेने बसलेला बैल बघणे ही दया नव्हे. ज्यांना दया करायची आहे त्यांनी तिचा खर्चही उचलावा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये मंजूर केले. ते मिळणार गोशाळेला. जन्मभर राबलेला बैल शेतकऱ्याच्या गोठ्यात उभा असेल, तर त्याच्या वाट्याला त्यातला एक रुपयाही नाही.

तेव्हा पुढचा लोकप्रतिनिधी गावात आला की हार घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. शर्यतीच्या बिलावर बोललात, थकलेल्या बैलाच्या मालकाबद्दल सभागृहात कधी बोललात का? विक्री बंद केली त्याची भरपाई किती आणि कोण देणार? आणि तारांकित प्रश्न, खासगी बिल, यांपैकी काय केलेत, त्याचा कागद दाखवा.

खासगी बिलाने काय होते, असे ते म्हणतील. खरे आहे, संसदेत १९७० नंतर एकही खासगी बिल कायदा झालेले नाही. पण रुक्मिणीदेवींचेही बिल कुठे मंजूर झाले होते? त्यांनी ते मागे घेतले, तरी कायदा झालाच. सभागृहात बोललेला शब्द छापून राहतो. सभेत बोललेला वाऱ्यावर जातो.

बैलाला आवाज नाही, म्हणून त्याच्यासाठी दिल्ली बोलली. आपल्याला आवाज आहे. तो आपणच काढायचा आहे.